स्फोटक वातावरणातील विद्युत सुरक्षा : अमेरिकेचे क्लास-डिव्हिजन आणि जगाचे झोन

टेक्सास किंवा लुइझियानाच्या किनारपट्टीवरील तेलशुद्धीकरण कारखान्यात रुजू होणाऱ्या मराठी अभियंत्याला पहिल्या काही दिवसांतच एक भाषाभेद जाणवतो. हा भेद मराठी-इंग्रजीचा नसतो. रसायनी, तळोजे किंवा ट्रॉम्बे येथे काम करताना तो ‘झोन-१’, ‘टू-सी’, ‘फ्लेमप्रूफ’ असे शब्द वापरत आलेला असतो. येथे मोटरीवरील धातूच्या पट्टीवर ‘क्लास-१, डिव्हिजन-१, ग्रुप बी’ असे कोरलेले असते आणि सहकारी ‘एक्स्प्लोजनप्रूफ’ म्हणत असतात. नळातून वाहणारा हायड्रोजन दोन्हीकडे एकच आणि त्याची पेट घेण्याची वृत्तीही एकच. पण त्याच्या शेजारी कोणते उपकरण बसवावे हे सांगणारे नियम मात्र दोन परंपरांतून आलेले आहेत.

या दोन परंपरा जवळ आणण्याचा प्रयत्न गेली तीन दशके चालू आहे. मानकांचा मजकूर बराचसा एक झाला आहे. त्या मजकुरानुसार झालेल्या चाचणीला मान्यता देण्याचा अधिकार मात्र अजूनही प्रत्येक देशाकडे, आणि अमेरिकेत तर वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांकडे आहे. एकसूत्रीकरण कोठपर्यंत पोहोचले आणि कोठे अडले, हे समजण्यासाठी आधी ठिणगीचे शास्त्र आणि मग नियमांचा इतिहास पाहावा लागतो.

ठिणगी आणि तिचा बंदोबस्त

ज्वलनशील वायू, बाष्प, तुषार किंवा बारीक धूळ हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली आणि त्या मिश्रणाला एका ठिकाणी लागलेली ज्योत साऱ्या मिश्रणात आपोआप पसरू शकत असेल, तर त्याला स्फोटक वातावरण म्हणतात. मिथेनसाठी हे प्रमाण हवेत सुमारे ५ ते १५ टक्के असते. हायड्रोजनसाठी ते सुमारे ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांच्याही पुढे जाते. म्हणूनच हायड्रोजनची गळती अधिक भीतीदायक ठरते.

मिश्रण पेटण्यास लागणारी ऊर्जा आश्चर्य वाटावे इतकी अल्प असते. मिथेनला सुमारे ०.२८ मिलिज्यूल पुरतात, तर हायड्रोजनला साधारण ०.०२ मिलिज्यूल. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालून दाराच्या कडीला हात लावताना बोटाला जो चटका बसतो, त्यातही याच्या अनेक पट ऊर्जा असते. ठिणगीखेरीज दुसरा धोका तापलेल्या पृष्ठभागाचा. कार्बन डायसल्फाइडचे बाष्प सुमारे ९० अंश सेल्सिअसला स्वतःहून पेटते, तर हायड्रोजनला त्यासाठी ५०० अंशांहून अधिक तापमान लागते. ठिणगीला सर्वांत लवकर बळी पडणारा वायू उष्णतेपुढे टिकाव धरू शकतो. त्यामुळे वायूचा गट आणि उपकरणाचा तापमानवर्ग या दोन स्वतंत्र गोष्टी पट्टीवर लिहाव्या लागतात.

विद्युत उपकरण अशा ठिकाणी वापरायचे तर काही मोजके मार्ग आहेत. पहिला मार्ग जाड धातूच्या पेटीचा. वायू पेटीत शिरेल आणि आत स्फोटही होईल, हे गृहीत धरायचे. मात्र पेटी फुटता कामा नये आणि सांध्याच्या अरुंद फटीतून बाहेर पडणारा तप्त वायू बाहेरचे मिश्रण पेटणार नाही इतका थंड व्हायला हवा. यालाच भारतात फ्लेमप्रूफ आणि अमेरिकेत एक्स्प्लोजनप्रूफ म्हणतात. दुसरा मार्ग इंट्रिन्सिक सेफ्टीचा. परिपथातील ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवायची की बिघाड झाला, तार तुटली, तरी पेटण्याजोगी ठिणगी उत्पन्न होऊ नये. तिसरा मार्ग पेटीत शुद्ध हवेचा दाब राखून वायूला आत येऊच न देण्याचा. याशिवाय ठिणगी निर्माण न करणाऱ्या जोडण्या अधिक काटेकोर बनवणे, भाग राळेत बुजवणे असे उपायही आहेत. निसर्गनियम सर्वत्र सारखे असल्याने हे मार्ग जगभर सारखेच आहेत. फरक पडतो तो, कोणता मार्ग कोठे पुरेसा मानायचा यात.

खाणींत जन्मलेले शास्त्र

या विषयाचा प्रारंभ कोळशाच्या खाणींत झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कार्ल बेयलिंग यांनी गेल्सेनकिर्शेन येथे खाणवायूवर प्रयोग केले आणि पेटीच्या सांध्याची फट किती असावी याला प्रयोगाचा आधार दिला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. उघड्या तारा एकमेकींना टेकवून घंटा वाजवण्याची जी संकेतपद्धत खाणीत होती, तिच्या ठिणगीवर संशय होता. कमी दाबाची वीज म्हणजे निर्धोक वीज ही समजूत त्यानंतर टिकली नाही. थॉर्नटन आणि व्हीलर या ब्रिटिश संशोधकांच्या अभ्यासातून इंट्रिन्सिक सेफ्टीची कल्पना आकारास आली.

अमेरिकेतही पहिला धडा खाणीनेच दिला. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे झालेल्या स्फोटात अधिकृत गणनेनुसार ३६२ जण दगावले. त्या काळातील अशा दुर्घटनांच्या मालिकेनंतर १९१० मध्ये अमेरिकी संघराज्याने ब्यूरो ऑफ माइन्सची स्थापना केली आणि खाणींतील विद्युत यंत्रांना तपासून परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली. खाणींसाठी वेगळा कायदा आणि वेगळी तपासणी यंत्रणा, ही अमेरिकी व्यवस्थेची फूट तेथूनच आहे.

अमेरिकेची वाट : क्लास, डिव्हिजन आणि ग्रुप

खाणीबाहेरच्या उद्योगांचे नियम सरकारने नव्हे, तर विमा कंपन्या आणि अग्निसुरक्षेच्या संस्था यांनी घडवले. स्वामी विवेकानंदांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या १८९३ च्या शिकागोतील जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा लखलखाट होता आणि आगीची धास्तीही होती. त्या निमित्ताने शिकागोत आलेल्या विल्यम हेन्री मेरिल यांनी १८९४ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे आजची ‘यूएल’, हिचा पाया घातला. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड म्हणजे ‘एनईसी’ ही संहिता १८९७ मध्ये प्रथम आली. आज ती नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही खासगी संस्था दर तीन वर्षांनी सुधारून प्रसिद्ध करते. राज्ये आणि शहरे ती स्वीकारतात, तेव्हा तिला कायद्याचे बळ येते.

पेट्रोल, पीठगिरण्या आणि कापसाचे कारखाने वाढू लागले तशी या संहितेत धोकादायक जागांची वर्गवारी आली. १९३१ मध्ये क्लास आले. ज्वलनशील वायू आणि बाष्प हा क्लास-१, ज्वलनशील धूळ हा क्लास-२ आणि हवेत उडणारे ज्वलनशील तंतू हा क्लास-३. १९३५ मध्ये ग्रुप आले. ‘ए’ म्हणजे ॲसिटिलीन, ‘बी’ मध्ये हायड्रोजन, ‘सी’ मध्ये इथिलीन आणि ‘डी’ मध्ये प्रोपेन. धुळीसाठीही धातूची भुकटी, कोळशाची भुकटी आणि धान्य-पिठाची धूळ असे ई, एफ, जी हे गट आहेत. पुढे १९४० च्या दशकात डिव्हिजनची भर पडली. नेहमीच्या कामकाजात स्फोटक मिश्रण असू शकते ती जागा डिव्हिजन-१. केवळ बिघाड किंवा अपघात झाला तरच ते येईल ती डिव्हिजन-२.

ही पद्धत दणकट आहे. डिव्हिजन-१ मधील सारे काही जाड पेटीत आणि लोखंडी नळीत, हा तिचा स्थायीभाव. अमेरिकी वीजतंत्री तारा कंड्युटमधून नेतो. पेटीत झालेला स्फोट कंड्युटमधून पुढे सरकून अधिक दाबाने दुसऱ्या पेटीवर आदळू नये, म्हणून पेटीपासून १८ इंचांच्या आत कंड्युटमध्ये सील बसवून त्यात बंदिस्त करणारा लेप ओतावा लागतो. सील बसवून लेप ओतलाच नाही, तर तपासलेली पेटीही निरुपयोगी ठरते.

उर्वरित जगाची वाट : झोन

युरोपात खाणी, जहाजे आणि रासायनिक कारखाने यांच्या अनुभवातून वेगळी पद्धत रुजली. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग म्हणजे ‘आयईसी’ने १९४८ मध्ये या विषयासाठी टीसी-३१ ही समिती नेमली. तिच्या ६००७९ या मानकमालेत धोक्याच्या जागा तीन झोनमध्ये विभागल्या आहेत. स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते ती जागा झोन-०, उदाहरणार्थ टाकीच्या आतील बाष्पाची पोकळी. नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते ती झोन-१. क्वचित आणि थोडाच वेळ येते ती झोन-२. धुळीसाठी हेच क्रमांक २०, २१ आणि २२ असे होतात.

वायूंचे गट येथे तीनच : टू-ए, टू-बी आणि टू-सी. गट ठरवण्याचे एक प्रमुख माप म्हणजे ज्या फटीतून ज्वाला पलीकडे जात नाही ती कमाल फट. प्रोपेनसाठी ती ०.९२ मिलिमीटर, इथिलीनसाठी ०.६५, ॲसिटिलीनसाठी ०.३७ आणि हायड्रोजनसाठी ०.२९ मिलिमीटर आहे. त्यामुळे हायड्रोजन आणि ॲसिटिलीन दोन्ही टू-सी गटात येतात. अमेरिकेत मात्र ते बी आणि ए अशा वेगळ्या गटांत आहेत. परिणामी अमेरिकेच्या बी, सी, डी या तिन्ही गटांसाठी योग्य असलेल्या पेटीला आयईसीच्या भाषेत नुसते टू-सी म्हणता येत नाही; ‘टू-बी अधिक हायड्रोजन’ असे लिहावे लागते. गटांचे भाषांतर शब्दकोशातील भाषांतराइतके सरळ नाही, याचा हा सर्वांत सोपा नमुना.

पद्धतींचा खरा फरक कोठे आहे

वरवर पाहता डिव्हिजन-१ म्हणजे झोन-० आणि झोन-१ मिळून होणारी जागा, आणि डिव्हिजन-२ म्हणजे झोन-२. पण या समीकरणातून लगेच अडचण उभी राहते. डिव्हिजन-१ साठी मान्य झालेले उपकरण झोन-१ मध्ये चालते, कारण ते अधिक कडक कसोटी पार करून आलेले असते. झोन-१ चे उपकरण मात्र डिव्हिजन-१ मध्ये सरसकट चालत नाही, कारण त्या जागेत झोन-० इतका धोकाही असू शकतो. इंट्रिन्सिक सेफ्टीतील ‘आयए’ ही पातळी झोन-० साठी लागते, कारण तिच्यात दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी परिपथ सुरक्षित राहणे आवश्यक असते. ‘आयबी’ला एकच बिघाड गृहीत धरतात. अमेरिकी डिव्हिजन-१ मध्ये परंपरेने दोन बिघाडांचीच कसोटी होती.

दुसरा फरक तारांचा. युरोपात चिलखती केबल ग्लँडमधून थेट जोडणीच्या पेटीत येते आणि ती पेटी बहुधा ‘एक्स ई’ म्हणजे वाढीव सुरक्षिततेची असते. तिला जाड भिंती लागत नाहीत. आतल्या जोडण्या ढिल्या होणार नाहीत, तापणार नाहीत, याची काळजी घेतलेली असते. अमेरिकेत पेटीची चाचणीच परंपरेने कंड्युटचे तुकडे जोडून घेतली जाते. आट्यांचेही तसेच : एकीकडे अमेरिकी निमुळता पाइप-आटा, दुसरीकडे मेट्रिक आटा. दोहोंच्या मध्ये प्रमाणित ॲडाप्टर लागतो, आणि घाईत लावलेला साधा ॲडाप्टर पूर्ण पेटीचे प्रमाणपत्र निरर्थक करू शकतो.

तिसरा फरक तापमानाचा. टी-१ म्हणजे ४५० अंश, टी-२ म्हणजे ३००, टी-३ म्हणजे २००, टी-४ म्हणजे १३५, टी-५ म्हणजे १०० आणि टी-६ म्हणजे ८५ अंश सेल्सिअस, हे दोन्हीकडे समान आहे. अमेरिकेने मात्र त्यांच्या मध्येही पायऱ्या ठेवल्या आहेत. टी-३-सी म्हणजे १६० अंश, टी-४-ए म्हणजे १२० अंश. एखाद्या बाष्पाचे स्वयंप्रज्वलन १८० अंशांच्या आसपास असेल, तर या मधल्या पायरीने मोटर आणि तिची किंमत दोन्ही बदलतात.

अमेरिकी अभियंते डिव्हिजनला चिकटून राहतात ते केवळ सवयीमुळे नव्हे. दोनच वर्ग असले की जागेवर काम करणाऱ्याच्या चुका कमी होतात, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते निराधार नाही. झोनच्या बाजूचा युक्तिवाद असा की झोन-० सारखी जागा कारखान्यात फार थोडी असते. तिच्यासाठीची कडक अट साऱ्या डिव्हिजन-१ ला लावली, तर जड आणि महाग उपकरणे नको तेथेही बसवावी लागतात.

१९९६ : एका संहितेत दोन पद्धती

जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या कराराने सदस्यदेशांना आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घेण्यास सांगितले. त्याच सुमारास अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने सरकारी खात्यांना स्वतःची मानके रचण्याऐवजी सहमतीने तयार झालेली मानके वापरण्याचा निर्देश दिला. या वातावरणात १९९६ च्या एनईसीमध्ये कलम ५०५ आले आणि अमेरिकेत वायूंसाठी झोनपद्धतीला जागा मिळाली. धुळीसाठीचे कलम ५०६ हे २००५ च्या आवृत्तीत आले. जुने कलम ५०० मात्र कायम राहिले. म्हणजे एका पद्धतीने दुसरीची जागा घेतली नाही; दोन्ही शेजारी-शेजारी नांदू लागल्या. कॅनडाने वेगळा निर्णय घेतला. १९९८ च्या कॅनडियन इलेक्ट्रिकल कोडने नव्या बांधकामांसाठी झोन स्वीकारले आणि डिव्हिजन जुन्या प्रतिष्ठानांपुरते ठेवले.

अमेरिकेत झोनसाठी तपासलेल्या उपकरणावर ‘एईएक्स’ ही खूण असते. पुढचा ‘ए’ हे अक्षर सांगते की हे उपकरण अमेरिकी आवृत्तीनुसार तपासले आहे. आयईसी ६००७९ मालेतील भाग यूएलच्या क्रमांकाने अमेरिकी मानके म्हणून प्रसिद्ध झाले आहेत; त्यांत मूळ मजकूर आणि ‘राष्ट्रीय भेद’ दोन्ही असतात. काही भेद किरकोळ आहेत, एक मात्र मूलभूत आहे. आयईसीचे स्फोटविषयक प्रमाणपत्र फक्त स्फोटाचा विचार करते. अमेरिकेत तेच उपकरण विजेचा धक्का आणि साधी आग यांपासूनही सुरक्षित असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी वेगळी मानके लागू होतात आणि वेगळी चाचणी होते.

एक चाचणी, अनेक दरवाजे

चाचणी एकदा व्हावी आणि तिचा निकाल सर्वत्र मान्य व्हावा, या हेतूने आयईसीने ‘आयईसी-एक्स’ ही प्रमाणन व्यवस्था उभी केली. तिच्यात तीन कागद महत्त्वाचे : चाचणीचा अहवाल, कारखान्याच्या गुणवत्ता-व्यवस्थेचा अहवाल आणि त्यांवर आधारित प्रमाणपत्र. प्रमाणपत्रे संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, हे खोट्या कागदांवरचे परिणामकारक औषध ठरले आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने या क्षेत्रासाठी समान नियामक चौकट सुचवली आणि तिचा पाया म्हणून आयईसीची मानके आणि आयईसी-एक्स यांची शिफारस केली.

अमेरिका या व्यवस्थेची सदस्य आहे आणि अमेरिकी प्रयोगशाळा आयईसी-एक्स प्रमाणपत्रे देतात. तरीही अमेरिकेतील जमिनीवरच्या कारखान्यात त्या प्रमाणपत्राच्या आधारे थेट उपकरण बसवता येत नाही. कामगार-सुरक्षेची जबाबदारी असलेली ‘ओशा’ १९८८ पासून प्रयोगशाळांना मान्यता देते आणि अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची खूण उपकरणावर अपेक्षित असते. ओशाने २००७ मध्ये आपल्या नियमांत झोन आणले, पण आयईसी-एक्सच्या प्रमाणपत्राला त्या खुणेची जागा दिली नाही. शेवटचा शब्द पुन्हा स्थानिक निरीक्षकाचा. म्हणून व्यवहारात निर्माते एकाच प्रयोगशाळेत एकदाच नमुने देतात आणि त्या चाचण्यांवरून आयईसी-एक्स, युरोपचे एटेक्स आणि अमेरिकी मान्यता असे तीन कागद काढून घेतात. चाचण्यांची पुनरावृत्ती टळली. कागदांची टळली नाही.

युरोपचे एटेक्स हे प्रमाणपत्र नव्हे, कायदा आहे. १९९४ चा पहिला निर्देश १ जुलै २००३ पासून बंधनकारक झाला आणि एप्रिल २०१६ पासून त्याची जागा २०१४ च्या निर्देशाने घेतली. झोन-२ साठीच्या उपकरणांना त्यात निर्मात्याची स्वघोषणा पुरते. त्रयस्थ तपासणीवर उभ्या असलेल्या अमेरिकी पद्धतीला हीच गोष्ट खटकते.

खाणींचा दरवाजा सर्वांत उशिरा उघडला. कोळसा खाणींतील यंत्रांना मान्यता देणारी ‘एमशा’ अनेक दशके स्वतःच्याच कसोट्या लावत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिने अंतिम नियम प्रसिद्ध करून ६००७९ मालेवर आधारलेली अमेरिकी सहमती-मानके स्वीकारली, काही जशीच्या तशी आणि काही बदलांसह. ९ जानेवारी २०२५ पासून तो नियम अमलात आला.

समुद्रावर : डीपवॉटर होरायझन

आयईसी-एक्सला अमेरिकेत सर्वांत मोकळा दरवाजा समुद्रावर मिळाला, आणि त्याच्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या खोदकाम जहाजावर विहिरीतून उसळलेला वायू पेटला. १२६ जणांपैकी ११ जणांचा बळी गेला. हे जहाज दक्षिण कोरियात बांधलेले आणि मार्शल बेटांच्या ध्वजाखाली नोंदलेले होते. म्हणजे अमेरिकी पाण्यात काम करूनही त्याची विद्युत उपकरणे आंतरराष्ट्रीय नियमांखाली होती.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी अहवालात एप्रिल २०१० मधल्याच एका तपासणीचा दाखला आहे. धोक्याच्या जागांतील विद्युत उपकरणांचा मागोवा ठेवणारी नीट व्यवस्था जहाजावर नव्हती. काही उपकरणे वाईट स्थितीत आणि बरीच गंजलेली होती. एका उपकंत्राटदाराची खराब झालेली उपकरणेही तशा जागेत राहून गेली होती. ठिणगी नेमकी कोठे पडली हे निश्चित झाले नाही. वायू इंजिनांच्या खोल्यांत ओढला गेल्याचाही संशय होता, आणि त्या खोल्या धोक्याच्या जागा म्हणून वर्गीकृतच नव्हत्या. तरी उपकरणे सुरक्षित होती अशी खात्री देता येत नाही, हा निष्कर्ष पुरेसा गंभीर होता.

३१ मार्च २०१५ रोजी तटरक्षक दलाने अंतिम नियम प्रसिद्ध केला. त्याने आयईसी-एक्सच्या प्रमाणपत्राला त्रयस्थ तपासणीचा पुरावा म्हणून थेट मान्यता दिली, एटेक्सला दिली नाही, आणि अमेरिकी खंडमंचावर काम करू इच्छिणाऱ्या, २०१८ नंतर बांधलेल्या परदेशी ध्वजाच्या खोदकाम जहाजांनाही स्वतंत्र प्रयोगशाळेच्या तपासणीची अट लावली. एकाच देशात, एकाच कंपनीची मोटर जहाजावर एका कागदावर चालते आणि किनाऱ्यावरील कारखान्यात त्याच कागदावर चालत नाही, ही आजची स्थिती त्यातून आली.

प्रमाणपत्रानंतरचे आयुष्य

डीपवॉटर होरायझनच्या अहवालातून दिसणारी गोष्ट मानकांच्या एकसूत्रीकरणापेक्षा मोठी आहे. प्रमाणपत्र उपकरण कारखान्याबाहेर पडते त्या दिवसाबद्दल बोलते. उपकरण मात्र पुढे वीस-तीस वर्षे खाऱ्या हवेत, कंपनात, रंगाच्या थरांखाली काम करते. फ्लेमप्रूफ पेटीच्या कडेवर आलेला गंज, पेटी उघडल्यावर परत न लावलेला एक बोल्ट, चुकीचा ग्लँड, दुरुस्तीत बदललेला निराळा भाग, यांतील कोणतीही एक गोष्ट शतकभराच्या संशोधनावर पाणी फिरवू शकते. पट्टी मात्र तशीच चकचकीत राहते.

याची जाणीव आयईसीच्या मालेत आहे. तपासणी आणि देखभाल यांचा स्वतंत्र भाग आहे, दुरुस्तीचा स्वतंत्र भाग आहे, आणि आयईसी-एक्समध्ये दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळांचे तसेच व्यक्तींच्या पात्रतेचेही प्रमाणन आहे. ठिणगी विजेचीच असते असेही नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार दगावले. चौकशी मंडळाने बंदिस्त पट्टावाहकातील तापलेल्या बेअरिंगचा संशय सर्वाधिक मानला. बेअरिंग, गिअर, पंखे अशा यांत्रिक उपकरणांसाठी आयएसओ आणि आयईसीची संयुक्त मानके २०१६ मध्ये आली. अमेरिकी संहितेचा रोख मात्र मुख्यतः विद्युत उपकरणांवरच आहे.

नागपूरचा दरवाजा

भारतीय अनुभव येथे उपयोगी पडतो, आणि त्याचे केंद्र महाराष्ट्रात आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना म्हणजे ‘पेसो’ हिचे मुख्यालय नागपुरात आहे. पेट्रोलियमच्या प्रतिष्ठानांतील धोक्याच्या जागांत बसवायच्या विद्युत उपकरणांना तिची मान्यता लागते. खाणींसाठी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. फ्लेमप्रूफ पेट्यांचे आयएस २१४८ यांसारखी जुनी भारतीय मानके मागे पडून आयईसी ६००७९ हीच माला भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली आहे. म्हणजे मजकूर आंतरराष्ट्रीय, पण परवानगी देशी. भारतही आयईसी-एक्सचा सदस्य आहे आणि तेथेही परदेशी प्रमाणपत्र हे मान्यतेच्या अर्जाचा आधार असते, स्वतः मान्यता नसते. नागपूर आणि वॉशिंग्टन यांचे निष्कर्ष याबाबतीत फारसे भिन्न नाहीत : अपघाताची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला अंतिम स्वाक्षरी दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते.

आजची स्थिती

अमेरिकेत आज नवा प्रकल्प कलम ५०० किंवा ५०५ यांपैकी एकाचा आधार घेऊन उभारता येतो. पेट्रोलियम उद्योगात जागांच्या वर्गीकरणासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ५०० आणि ५०५ या क्रमांकांचीच दोन मार्गदर्शक पुस्तके आहेत, एक डिव्हिजनचे आणि एक झोनचे. जुने कारखाने बहुतांशी डिव्हिजनवर आहेत. समुद्रातील तरंगती प्रतिष्ठाने झोनकडे वळली आहेत. हायड्रोजनचे नवे प्रकल्प दोन्ही वाटांनी येत आहेत, आणि त्या वायूमुळे ग्रुप बी आणि टू-सी यांतला भेद रोजच्या कामात उतरला आहे.

दोन परंपरांच्या सीमेवर काम करणाऱ्या अभियंत्याने पट्टी वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात : जागेची पद्धत, वायूचा गट, तापमानवर्ग, सभोवतालच्या तापमानाची मर्यादा आणि प्रमाणपत्र देणारी संस्था. प्रमाणपत्र-क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर असेल, तर वापराच्या विशेष अटी आहेत असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या अटी पट्टीवर नसतात. प्रमाणपत्र उघडूनच वाचाव्या लागतात. मानके एक होण्यास तीस वर्षे लागली आणि मान्यता एक होण्यास आणखी किती लागतील हे कायदेमंडळांवर आहे. जागेचे वर्गीकरण अद्ययावत ठेवणे, प्रत्येक उपकरणाची नोंद ठेवणे आणि उघडलेली पेटी साऱ्या बोल्टांसह बंद करणे यांसाठी मात्र कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.